माथाडीचा नातू आणि खाणमजुराचा नातू

नवी मुंबईत एक तुलना वारंवार कानी पडते. कोपरखैरणे आणि घणसोलीच्या वसाहतींत राहणाऱ्या माथाडी कामगारांची मुले-नातवंडे शिकली, बँकांत व कचेऱ्यांत लागली, काहींनी बाजारात स्वतःचा धंदा मांडला, काही महापालिकेच्या राजकारणात शिरली. उलट तुर्भे, बोनसरी, शिरवणे, नेरूळ या पट्ट्यातील दगडखाणींच्या कडेला ज्यांचे आजोबा येऊन वसले, त्यांची नातवंडे आजही सकाळी नाक्यावर उभी राहून कामाची वाट पाहतात. दोन्ही समाज बाहेरून आलेले. दोघांचेही भांडवल म्हणजे अंगातले बळ. तरीही दोन पिढ्यांत एवढे अंतर पडले. येथपर्यंतची तुलना खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

खोटा आहे तो तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष. सातारकर माणूस मुळातच काटक, काटकसरी व मुलाबाळांच्या शिक्षणाविषयी दक्ष. वडार समाज मुळातच भटका, व्यसनी व उद्याची फिकीर न करणारा. तेव्हा जो तो आपल्या गुणाने वर गेला किंवा खाली राहिला, असे सांगितले जाते. हीच गोष्ट व्याख्यानात मांडली की तिला 'संस्कृती' म्हणतात आणि चहाच्या टपरीवर बोलली की 'जात' म्हणतात. शासनाला हा निष्कर्ष सोयीचा असतो, कारण दोष रक्तात असेल तर शासनाने काही करावयाचे उरत नाही. खाणमालकाला तो त्याहून सोयीचा असतो. पण खेदाची गोष्ट अशी की, कामगार चळवळीच्या मांडवाखाली वाढलेली माणसेही आता तो निःसंकोचपणे उच्चारू लागली आहेत. म्हणून त्याची तपासणी होणे अगत्याचे आहे.

निघताना कोण कोठे होता

माथाडी कामगार मुख्यतः आला तो सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातून, जावळी-पाटणच्या डोंगरखोऱ्यांतून. तेथे जमिनीचे तुकडे लहान, पीक पावसाच्या हवाली, आणि वर्षाचे सहा महिने हाताला काम नाही. त्यात कोयना धरणाने खोऱ्यातील गावे पाण्याखाली घेतली. त्या पाण्यावर निर्माण झालेल्या विजेने मुंबईचे कारखाने चालले; ज्यांची गावे बुडाली त्यांतील अनेकांना त्याच मुंबईच्या गोदामांत पाठीवर गोणी वाहाव्या लागल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने उरलेसुरले हलवून सोडले. खाणमजूर आला तो सोलापूर, विजापूर, गुलबर्गा, महबूबनगर या कोरड्या मुलखांतून. १९७२ च्या दुष्काळाने त्याला कुटुंबासह घराबाहेर काढले. दगड फोडणे हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय असल्याने, जेथे नवे शहर बांधले जात होते तेथे तो येऊन पोहोचला.

दोघे अगदी सारख्या स्थितीत निघाले, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. सातारच्या माणसाचा गावाकडे थोडका का होईना सातबारा होता, आणि मराठा म्हणून गावगाड्यात त्याला मान होता. वडार समाजाच्या वाट्याला इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा कलंक आला होता. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली, तो कायदा रद्द झाला आणि कालचा 'गुन्हेगार' आज 'विमुक्त' म्हटला जाऊ लागला. परंतु पोलिसांची नजर आणि गावाचा संशय ठराव करून रद्द होत नाही. हा फरक मोठा आहे. त्याने किती अंतर पडले याचा हिशेब पुढे येईलच. पण तो फरक रक्तातला नाही. तो जातिव्यवस्थेने आणि कायद्याने केलेला आहे, हे आरंभीच लक्षात ठेवले पाहिजे.

शिवाय १९६९ पूर्वीचा माथाडी डोळ्यांपुढे आणला पाहिजे. मशीद बंदर आणि दाणाबंदरात तो शंभर किलोची गोणी पाठीवर घेई. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसे. व्यापारी म्हणे, हा मुकादमाचा माणूस; मुकादम म्हणे, मी केवळ माणसे पुरवतो. पाठीचा मणका गेला तर उपचार गावाकडच्या वैदूचा, आणि मेला तर वर्गणी टोळीतल्या सोबत्यांची. राहणे एकेका खोलीत पंधरा-वीस जणांचे, पाळीपाळीने झोपायचे, बायकोमुले गावी. अशा माणसाकडे काटकसर आणि दूरदृष्टी हे गुण होते की नव्हते, याचा कोणी शोध घेतला नाही, कारण ते गुण दाखविण्याजोगे त्याच्या हातात काही नव्हतेच.

१९६९ च्या कायद्याने काय केले

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या हमालांनी संघटना बांधली. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत त्याआधीच उभी केली होती. मोर्चे निघाले, बाजार बंद पडले, आणि या रेट्यातून 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९' जन्माला आला. देशातील असंघटित कामगारांच्या इतिहासात या कायद्याचे स्थान फार वरचे आहे. त्याची रचना नव्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी, कारण सारा प्रश्न या रचनेतच आहे.

मालक कोण, हा प्रश्न हमालाच्या बाबतीत सुटत नव्हता. आज या पेढीवर काम, उद्या त्या. तेव्हा कायद्याने मालक शोधण्याचा नाद सोडला आणि प्रत्येक धंद्यासाठी एक मंडळ उभे केले. त्यात मालकांचे, कामगारांचे आणि शासनाचे प्रतिनिधी. मालकाने मंडळात नोंद करावयाची, कामगारानेही करावयाची. जेवढे काम झाले तेवढी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मालकाने मंडळात भरावयाची. मजुरी मंडळाने कामगाराला द्यावयाची. लेव्हीच्या पैशातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी सुट्टी आणि औषधोपचार. पेढी बदलली, व्यापारी दिवाळखोर झाला, मुकादम पळून गेला, तरी कामगाराचे खाते मंडळात कायम.

याचा परिणाम केवळ पैशाचा नव्हता. माथाडीला प्रथमच एक नोंदणी क्रमांक मिळाला. महिन्याचे उत्पन्न किती, हे कागदावर आले. कागदावर उत्पन्न आले म्हणून पतपेढीचे कर्ज मिळाले. कर्ज मिळाले म्हणून घर झाले. घर झाले म्हणून गावाकडची बायकोमुले आली. पत्ता पक्का झाला म्हणून मुले एकाच शाळेत दहा वर्षे टिकली. म्हातारपणी निधीची रक्कम हाती आली, तिच्यातून मुलीचे लग्न किंवा मुलाचे कॉलेज निघाले. 'काटकसर' म्हणून ज्याचे कौतुक होते, तो मुख्यतः भविष्यनिर्वाह निधी होता. कायद्याने कापून ठेवलेला पैसा माणसाच्या स्वभावावर अवलंबून राहत नाही.

पुढे बाजारच खाडीपलीकडे आला. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार तुर्भ्याला आला; मसाला आणि धान्य नव्वदीच्या दशकात आले; १९९६ मध्ये भायखळ्याचा भाजीपाला व क्रॉफर्ड मार्केटची फळे आली. बाजाराबरोबर माथाडी आला, पण तो एकटा आणि कफल्लक आला नाही. संघटना त्याच्या मागे होती, म्हणून सिडकोला त्याच्या घरांचा विचार करावा लागला. कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ येथे माथाडींसाठी घरे झाली, वाशीत माथाडी भवन उभे राहिले, कोपरखैरण्यात माथाडी रुग्णालय झाले. घर लहान होते. पण त्याच्या दारावर क्रमांक होता.

दगडाचे मोजमाप झाले, माणसाचे नाही

आता खाणीकडे वळावे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ९५ गावांच्या जमिनींवर ३४४ चौरस किलोमीटरचे शहर कागदावर आखले गेले. ते प्रत्यक्षात आले ते पारसिकच्या डोंगराचा दगड फोडून. सायन-पनवेल रस्ता, रेल्वेचे भराव, वाशीपासून बेलापूरपर्यंतच्या इमारतींचे काँक्रीट, या सर्वांत या खाणींची खडी आहे. जो दगड या शहराच्या पायात आहे, तो फोडणाऱ्याला या शहरात पत्ता मिळाला नाही.

खाणीतील मजुरी ब्रासवर ठरे. हंगामाच्या आधी मुकादमाने उचल द्यावयाची आणि कुटुंबाने ती फेडेपर्यंत खपावयाचे. नवरा घण घाली, बायको खडी भरी, आणि लहान पोर धाकट्याला सांभाळी. हिशेब मुकादमाच्या वहीत. वही मुकादमाच्या घरात. माथाडीची बायकोमुले गावी होती तेव्हा मूल निदान गावच्या शाळेत तरी होते. खाणीत मात्र सारे कुटुंबच कामाला जुंपले गेले, म्हणून मूल थेट खाणीत वाढले. घरी वडारी बोली, म्हणजे तेलुगूच्या जवळची भाषा. शाळा मराठी, आणि तीही दोन-तीन मैलांवर. सुरुंगाचा इशारा झाला की झोपडी सोडून पळायचे, आणि उरलेला सारा वेळ दगडाची धूळ छातीत भरून घ्यायची. चाळिशीत ज्याचा दम तुटतो, त्याच्याविषयी 'दारूने गेला' असे म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे.

असे म्हटले जाईल की, या लोकांसाठी कायदे नव्हते असे नाही. खरे आहे. कायदे होते आणि आहेत. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा. परराज्यातून आणलेल्या मजुरांसाठीचा कायदा १९७९ चा. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांविषयी सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात दिलेला ऐतिहासिक निर्णयही प्रसिद्ध आहे. पण या साऱ्या कायद्यांनी अधिकाऱ्याला खाणीवर जाण्याचा अधिकार दिला. मजुराला मंडळात बसण्याचा अधिकार दिला नाही. अधिकारी येतो आणि जातो. लेव्ही दर महिन्याला भरावी लागते. दोन्ही प्रकारच्या कायद्यांतला फरक हाच आहे.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर उपकर आणि त्यातून कामगारांचे कल्याण, अशी त्याची योजना. महाराष्ट्रात त्याचे मंडळ प्रत्यक्ष कामाला लागावयास २०११ साल उजाडले. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये हे कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन होईपर्यंत, ज्या कामाला १९५२ चा खाण कायदा लागू होता ते काम या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेले होते. म्हणजे इमारतीत खडी ओतणारा बांधकाम कामगार; तीच खडी फोडणारा मात्र नव्हे. तो 'खाणकामगार' आहे, आणि खाणकामगार म्हणून त्याच्यासाठी माथाडीसारखे मंडळ नाही. दोन कायद्यांच्या फटीत एक सबंध समाज पडला.

आणि जातीच्या दाखल्याचे काय? महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून कुटुंबाचे वास्तव्य महाराष्ट्रात असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजोबा बहात्तरच्या दुष्काळात विजापुराहून पायी आला, ज्याची झोपडी खाणीबरोबर दर दोन वर्षांनी हलली, त्याने हा कागद कोठून आणावा? सीमेच्या पलीकडे कर्नाटकात भोवी-वड्डर समाज अनुसूचित जातींत मोडतो. सीमा ओलांडताच ती सवलत गेली, आणि इकडची मिळाली नाही. नातू नवी मुंबईत जन्मला, नवी मुंबईच्या शाळेत शिकला, तरी प्रवेशाच्या खिडकीशी तो कोणाचाच नसतो. मग त्याने शाळा सोडली की समाजशास्त्र सांगते: या समाजात शिक्षणाची ओढ नाही!

कालांतराने शहर खाणींपर्यंत पोहोचले, इमारतीतल्या रहिवाशांना धुळीचा त्रास जाणवू लागला, पर्यावरणाचे नियम कडक झाले आणि खाणी बंद पडत गेल्या. डोंगर वाचला पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु गिरणी बंद पडली तर कामगाराचे देणे निदान मागता येते. खाण बंद पडली तेव्हा मजुराचे देणे होते याचाच पुरावा नव्हता. ना उपदान, ना निधी, ना पर्यायी काम. घणकरी नाक्यावर आला. त्याचा मुलगाही नाक्यावर आला.

एकाच बाजारातील दोन हमाल

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. माथाडी पुढे गेला तो कायद्यामुळे की मराठा असल्यामुळे? गावची जमीन, आप्तांचे जाळे, सत्तेतल्या पुढाऱ्यांशी सोयरीक, या गोष्टींनी त्याला हात दिलाच असेल. दिला, यात शंका नाही. मंत्रालयात त्याच्या नेत्याला खुर्ची मिळत होती. वडाराच्या नेत्याला दाराशी थांबावे लागत होते. संघटना बांधणेही त्यामुळे सोपे गेले.

परंतु जात हेच खरे कारण असेल, तर एकाच जातीची माणसे सर्वत्र सारखीच वर गेली पाहिजेत. तसे दिसत नाही. त्याच जावळी-पाटणमधून, त्याच भावकीतून आलेला जो माणूस मंडळाच्या नोंदीत आला नाही, जो कंत्राटदाराकडे पहारेकरी झाला किंवा टेम्पोवर लागला, त्याचे घर आज कोठे आहे हे पाहावे. सख्ख्या भावांत अंतर पडलेले दिसते, आणि भावांचे रक्त तर एकच असते. उलट, पुण्याच्या हमाल पंचायतीत अनेक जातींचे हमाल एकत्र आले आणि कायद्याचा लाभ सर्वांना झाला.

त्याहून स्पष्ट पुरावा तुर्भ्याच्या बाजारातच आहे. एकाच गाळ्यासमोर दोन माणसे गोणी उचलताना दिसतात. एकाचे नाव मंडळात आहे, दुसऱ्याचे नाही. दुसरा बहुधा उत्तर प्रदेश, बिहार किंवा मराठवाड्यातून आलेला. गोणी तीच, मैल तेवढाच, घाम तोच. एकाच्या मजुरीवर लेव्ही भरली जाते. दुसऱ्याच्या हातावर संध्याकाळी नोटा ठेवल्या जातात. धान्य चाळणाऱ्या व निवडणाऱ्या बायकांची गत याहून वेगळी नाही. वीस वर्षांनी या दोघांच्या मुलांत जे अंतर पडेल, त्याला उद्याचे पंडित पुन्हा 'मराठी संस्कृती' आणि 'परप्रांतीय संस्कृती' अशी नावे देतील. अंतर मात्र आज, सर्वांच्या डोळ्यांदेखत, नोंदवहीच्या एका ओळीने पडत आहे.

परदेशातला दाखला

स्थलांतरितांच्या वंशजांची अशी क्रमवारी लावण्याचा खेळ जुना आहे. अमेरिकेत तो फार खेळला गेला. तेथे डेन्मार्कमधून गेलेल्यांचे वंशज उद्योगी, सहकारप्रिय आणि स्वच्छ म्हणून गौरविले गेले. हंगेरीतून गेलेल्या मजुरांना कुत्सित टोपणनाव देऊन मठ्ठ व दांडगे ठरविण्यात आले. दोघांना काय मिळाले ते पाहावे. डॅनिश शेतकरी मोठ्या संख्येने गेला तेव्हा १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली, पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटात तो जमीनदार झाला आणि मग दुधाच्या सहकारी संस्था काढण्याइतका 'सुसंस्कृत' ठरला. हंगेरियन शेतमजूर मुख्यतः १९०० नंतर गेला. तोवर चांगली जमीन वाटून झाली होती. त्याच्या वाट्याला पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणी आणि ओहायोच्या पोलाद भट्ट्या आल्या. १९ डिसेंबर १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातील डार खाणीत स्फोट होऊन २३९ माणसे मेली. त्यांत हंगेरियनांचा भरणा मोठा होता.

पुढे १९५६ च्या उठावानंतर तीस हजारांहून अधिक हंगेरियन निर्वासित अमेरिकेत घेतले गेले. त्यांत विद्यार्थी होते, अभियंते होते. शीतयुद्धाच्या राजकारणामुळे शासनाने त्यांचे स्वागत केले, त्यांना शिक्षणाची व कामाची मदत दिली. ते झपाट्याने वर आले. रक्त हंगेरियनच होते. बदलला होता तो शासनाचा हात आणि निघतानाची शिदोरी. आणि डेन शेतकऱ्याला मिळालेली ती १६० एकर जमीन आकाशातून पडलेली नव्हती. ती तेथल्या मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हेही त्या गौरवगाथेत लिहिले जात नाही.

भूमिपुत्रांचा धडा

जमीन हिसकावण्याची ही गोष्ट नवी मुंबईला परकी नाही. ९५ गावांतील आगरी-कोळी शेतकऱ्यांची भातखाचरे, मिठागरे आणि खाड्या घेऊन हे शहर वसले. त्यांच्याविषयीही सुरुवातीला हेच बोलले गेले: पैसा आला की उडवणार, यांना शहर कळत नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासई-दास्तानच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे बळी घेतले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क निघाला. ज्याला तो पुरता मिळाला त्याचे घर सावरले. ज्याचा भूखंड दलालाच्या हाती गेला किंवा कज्जात अडकला, त्याचे सावरले नाही. येथेही भेद समाजाच्या स्वभावाने पडलेला नाही. हक्क कागदावर आला का आणि कागदावरचा हक्क हाती आला का, याने पडलेला आहे.

म्हणून भूमिपुत्र, सातारकर आणि परप्रांतीय यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे राजकारण मुळातूनच फसवे आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले. त्याच्या नावासाठी मोठमोठी आंदोलने झाली, आणि दिबांचे नाव मागणाऱ्यांची भावना सर्वथा रास्त आहे. पण त्यासाठी उलव्याची टेकडी ज्यांनी फोडली त्या मजुरांचे पुढे काय झाले, असे विचारणारा मोर्चा निघाला नाही.

कायद्याची झीज

माथाडींच्या वंशजांनी आणखी एक गोष्ट ओळखली पाहिजे. आपण आपल्या गुणाने वर आलो, हे एकदा मान्य केले की कायदा काढून घेणाऱ्यांचे काम सोपे होते. गुणच तारक असतील तर मंडळ कशाला आणि लेव्ही कशाला? जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करण्यात आला. माल बाजाराबाहेर उतरू लागला, आणि बाहेर उतरलेल्या गोणीवर मंडळाची नजर पोहोचणे कठीण झाले. २०२३ मध्ये माथाडी कायद्यातच बदल करणारे विधेयक आणले गेले, तेव्हा संघटनांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. यंत्राने माल उचलला की तो माथाडी नव्हे, बनावट माथाडी खंडणी घेतात, असा गवगवा करून कायद्यालाच बदनाम करण्याचा उद्योग चालू आहे. कायद्याच्या नावावर गुंडगिरी करणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती मागण्यात संघटनांनी पुढे असावे. पण पाकीटमाराच्या भीतीने कोणी रेल्वे बंद करीत नाही.

मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी २२ मार्च १९८२ रोजी मोर्चा काढून दुसऱ्याच दिवशी प्राणत्याग करणाऱ्या अण्णासाहेबांची स्मृती सर्वांना वंद्य आहे. परंतु त्यांचे सर्वांत टिकाऊ स्मारक १९६९ चा कायदा हेच आहे, आणि त्या कायद्याच्या शीर्षकात कोणत्याही जातीचे नाव नाही. तेथे शब्द आहे 'श्रमजीवी'. हा शब्द विसरून नोंदणी क्रमांक वतनासारखा जपण्याची वृत्ती बळावली, तर आतला कामगार आणि बाहेरचा कामगार यांच्यात दरी वाढेल. आणि ज्या दिवशी बाहेरचे संख्येने भारी होतील त्या दिवशी आतल्यांचे कवच आपोआप गळून पडेल.

पुढचे काम

हा कायदा दुसऱ्या धंद्यांत लागू होऊ शकत नाही, असे सांगणाऱ्यांना इतिहासच उत्तर देतो. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीचा कायदा महाराष्ट्राने केला. तेव्हा दगडखाणी, खडी क्रशर आणि काँक्रीटचे कारखाने यांतील कामगारांसाठी लेव्हीवर चालणारे त्रिपक्षीय मंडळ ही मागणी अवास्तव नाही. बाजारातील नोंदीबाहेरच्या प्रत्येक हमालाची आणि चाळणाऱ्या-निवडणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद झाली पाहिजे. जातीच्या दाखल्यासाठी १९६१ च्या पुराव्याची अट खाणमजुरांच्या, या राज्यात जन्मलेल्या मुलांपुरती तरी शिथिल झाली पाहिजे. शाळेचा दाखला आणि स्थानिक चौकशी पुरेशी मानली पाहिजे. बंद पडलेल्या खाणींच्या जागेवर टोलेजंग संकुले आखण्यापूर्वी, तेथे हाडे झिजवलेल्या कुटुंबांच्या घरांचा प्रश्न सुटला पाहिजे.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. शासन दर ब्रासमागे गौण खनिजाचे स्वामित्वधन वसूल करते. खाणीतून किती ब्रास दगड निघाला याची नोंद ठेवते, वाहतुकीचे परवाने देते, परवान्याविना जाणारी गाडी पकडून दंड करते. पन्नास वर्षे डोंगरातून निघालेला दगड महसूल खात्याला मोजता आला. त्याच नोंदवहीत प्रत्येक ब्रासपुढे आणखी एक रकाना आखावा: हा दगड कोणी फोडला, आणि त्याच्या खात्यात किती जमा झाले. पहिल्या दिवसापासून हा रकाना असता, तर माथाडीच्या नातवात आणि खाणमजुराच्या नातवात कोणता फरक उरला असता, याचा विचार तुलना करणाऱ्यांनी करावा. कार्यकर्त्यांनी मात्र विचारापाशी न थांबता हा रकाना पदरात पाडून घेण्याच्या कामाला लागावे. वाशीच्या माथाडी भवनातून निघालेला मोर्चा तुर्भ्याच्या खाणवस्तीवरून, तेथल्या माणसांना बरोबर घेऊन, जिल्हाधिकाऱ्यांच्या दारी पोहोचला, तर त्या मोर्चाला १९६९ चा वारसा सांगता येईल.